नाव न सांगायचं औषध

अडुळशाचं फूल तुम्ही जवळून बघितलंय का कधी? दुरून नुसतं पांढरं दिसतं. जवळ गेलात तर आ वासून बसलेलं असतं. वरचा ओठ वेगळा, खालचा वेगळा, आणि खालच्या ओठावर जांभळट रेघा. लोक देवाला वाहतात ती फुलं गोड दिसतात, हे तसलं नाही. खोकला येण्याआधी माणसाचं तोंड क्षणभर उघडं राहतं आणि आवाज काही येत नाही ना, तसं हे फूल दिसतं. निदान मला तरी.

आमच्या टॉवरच्या मागच्या भिंतीला अडुळशाची चार झुडपं आहेत. थंडी पडली की फुलतात. मागल्या वर्षी सोसायटीच्या सेक्रेटरीने ती काढून तिथे रंगीत पानांची झाडं लावायची ठरवली होती. मी खुर्ची घेतली आणि झुडपांसमोर जाऊन बसलो. माळी आला, कोयता घेऊन उभा राहिला, परत गेला. सेक्रेटरी म्हणाला, "आजोबा, कचऱ्यातलं झाड आहे ते." मी म्हटलं, "तू नंतर आलास, झाड आधीचं आहे." संध्याकाळपर्यंत बसलो. झुडपं राहिली. माझ्या हट्टाबद्दल घरात काय बोलतात ते मला ऐकू येतं. कान अजून शाबूत आहेत माझे.

दगा दिला तो छातीने. पण ते पुढे सांगतो.

मी तिसरी पास नाही. लिहायला शिकलो तो भिंतींवर घोषणा रंगवता रंगवता, त्यामुळे माझं अक्षर अजून मोठं आणि ठळक येतं, छोटं लिहिताच येत नाही. पण एक विद्या माझ्याकडे शाळेशिवाय आली होती. माझा बापूस मालवणाकडच्या आमच्या गावात औषध द्यायचा. दम्याचं, खोकल्याचं, छाती भरण्याचं. पैसा घ्यायचा नाही, नारळसुद्धा नाही. दोन नियम होते. झाडाला आदल्या संध्याकाळी जाऊन आमंत्रण द्यायचं, बुंध्याशी तांदूळ आणि सुपारी ठेवून सांगायचं, "उद्या सकाळी तुला न्यायला येतो, अमक्याच्या जिवासाठी." आणि दुसरा नियम, औषधाचं नाव कोणाला सांगायचं नाही. नाव सांगितलं की गुण जातो. रोग्याला नाही, त्याच्या बायकोला नाही, पंचांना नाही. बापसाने ही विद्या थोरल्या दादाला न देता मला दिली. कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "दादाचा तोंड बघलंस? हाटातली बातमी त्याच्या पोटात घराकडे येयसर टिकणा नाय."

दादा हे ऐकून हसला होता. त्याला खरंच काही लपवता यायचं नाही. त्याचा खोकलासुद्धा.

लालबागेत एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. दादा, वयनी आणि मी. दादा गिरणीत कार्डिंग खात्यात. तिथे कापूस पिंजून त्याचा लांब सैल पेळू निघतो, आणि जेवढा पेळू निघतो तेवढीच तूस, कापसाची बारीक धूळ, हवेत उडते. मी त्याच गिरणीत, पण विणाई खात्यात, आमच्याकडे आवाज जास्त आणि तूस कमी. दादा पाळी संपवून यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या, कानाचे केस पांढरे, पापण्यांवर पांढरं. वयनी त्याला दारातच थांबवायची आणि कुंच्याने झाडायची. "माझो नवरो सकाळी जाता तो काळो, संध्याकाळी येता तो म्हातारो," असं म्हणायची आणि झाडता झाडता त्याच्या तोंडात गुळाचा खडा द्यायची. गुळाने घशातली तूस खाली उतरते, असं सगळ्या गिरणगावात मानत.

दादाची एक गंमत होती. गंमतच वाटायची तेव्हा. त्याचा दम आठवडाभर सारखा नसायचा. सोमवारी सर्वांत वाईट. दुपारपर्यंत छाती बांधून यायची, घरी येईपर्यंत जिन्यावर तीनदा बसायचा. मंगळवारी जरा कमी, शुक्रवार-शनिवारी चालता-बोलता. रविवारी तर गॅलरीत पत्ते कुटत बसायचा. शेजारचे म्हणायचे, दादाला रविवारची सुट्टी सोसत नाही. दादा म्हणायचा, "सोमवार शंकराचो. शंकर माझ्या छातीर येऊन बसता." आम्ही सगळे हसायचो. खात्यातल्या निम्म्या माणसांची छाती सोमवारीच बांधते, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. ते वार बघून का होतं, हे मात्र कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी तर औषधवाला.

शनिवारी पाळी सुटली की मी वडाळ्याला जायचो. तिथे रेल्वेच्या यार्डाच्या कुंपणाला अडुळसा माजलेला होता, पलीकडे मिठागरांची पांढरी जमीन. संध्याकाळी तांदूळ-सुपारी ठेवायची, रविवारी सकाळी पानं आणायची. पिकायला आलेली, पिवळी पडू लागलेली पानं घ्यायची, ती केळीच्या पानात गुंडाळून शेगडीवर वाफवायची, पिळायची, रस काढायचा. गावाकडून आलेला मध घालायचा. ती वाफ खोलीत पसरली की हिरवा, कडू, थोडा चहासारखा वास यायचा. वयनीला मी तोंड फिरवून बसायला सांगायचो. ती फिरवायची. पण नाक कसं फिरवणार? तिला सगळं कळत होतं.

"बाबल्या, ह्या काय पाजतंस? जहर नुसता," दादा म्हणायचा.

"गप पी. नाव इचारू नको."

"नाव नाय इचारूक. चव इचारतंय."

आता तो हिवाळा. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, या एका गोष्टीवर सगळं गिरणगाव तापलेलं होतं. भिंत दिसली की घोषणा, मैदान दिसलं की सभा. आमच्या मजल्यावर गोपाळराव राहायचे, साताऱ्याकडचे, गिरणीतच कामाला, चाळीच्या समितीचे पुढारी. त्यांनीच मला ब्रश हातात दिला आणि अक्षरं गिरवायला लावली. "तिसरी नापास म्हनून काय झालं? महाराष्ट्राचा 'म' तर येतोय न्हवं?" सभेहून येताना त्यांच्या पाठीवर लाठीचा वळ असायचा आणि ते तो शर्ट वर करून पोरांना दाखवायचे, परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा.

मग हरताळ झाला. गिरण्या बंद. भोंगा वाजला नाही तर सकाळ उजाडल्याचं समजेना. लोक उठून गॅलरीत उभे राहायचे आणि कानांनी काहीतरी शोधायचे. चिमण्यांतून धूर नाही. लालबागचं आकाश एवढं निळं असतं हे मी प्रथमच पाहिलं.

त्या दिवसांत दादाची छाती सुटली. रोज मी रस देत होतो आणि रोज छाती हलकी होत होती. चौथ्या दिवशी तो चार मजले न थांबता चढला. पाचव्या दिवशी गोपाळरावांच्या प्रभातफेरीत घोषणा देत गेला आणि परत येऊन म्हणाला, "बाबल्या, माझो आवाज मोरीपर्यंत पोचलो!" वयनीने त्या दिवशी माझ्या पानात पहिली भाकरी वाढली, दादाच्या आधी. कधी न होणारी गोष्ट.

माझी मान केवढी ताठ झाली म्हणून सांगू. चाळीतले लोक येऊ लागले. कोणाची आई, कोणाचा सासरा. गोपाळराव सुद्धा म्हणाले, "आरं, आपल्यातच डागदर हाय की." मी सगळ्यांना रस दिला, नाव कोणाला दिलं नाही. लोक नाव विचारायचे आणि मी नुसता हसायचो. त्या हसण्यात किती माज होता ते आता आठवलं की अंगावर येतं.

तन्वीला मी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा इथपर्यंत आल्यावर तिनं मला थांबवलं. तन्वी दादाची नात. परळला एका प्रयोगशाळेत काम करते. झाडांतून निघणारी द्रव्यं घेऊन त्यांनी श्वासनळीची सूज उतरते का, हे तपासणं हे तिचं काम. अडुळसाही त्यात आहे. मला वाटलं, ती म्हणेल, आजोबा, तुम्ही आमच्या आधीचे.

ती म्हणाली, "आजोबा, पण कंट्रोल कुठे होता तुमचा?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे अडुळसा न देता नुसती गिरणी बंद ठेवून बघितलं का?"

मी म्हटलं, "गिरणी बंद ठेवणं काय माझ्या हातात होतं?" ती हसली. मला राग आला, आणि तो राग नवीन नव्हता. हाच प्रश्न मला एकदा विचारून झाला होता. तिच्या जन्माच्या कितीतरी आधी.

गिरण्या पुन्हा सुरू झाल्या त्या दिवशी दादा शीळ घालत कामाला गेला. मी त्याला सकाळीच रस पाजला होता, नेहमीपेक्षा जास्त. दुपारी खात्यातल्या दोघांनी त्याला धरून फाटकापर्यंत आणला, तिथून मीही बरोबर निघालो. इतके दिवस बंद असलेली यंत्रं सुरू झाली तेव्हा साठलेली तूस ढगासारखी उठली होती, असं ते म्हणाले. आणि आम्ही गल्लीत वळतो तोच पलीकडे गडबड झाली, माणसं धावली, अश्रुधुराची नळकांडी फुटली. एक तर आमच्या चाळीच्या तोंडाशीच येऊन पडलं. पाण्यात फडकी बुडवून सगळे तोंडाला लावत होते. दादाला आम्ही वर नेलं तेव्हा तो श्वास आत घेत होता, पण बाहेर सोडणं त्याला जमत नव्हतं. तो श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज यायचा. सकाळी शीळ घालत गेला होता तोच माणूस.

दुसऱ्या दिवशी संचारबंदी.

हे नीट समजून घ्या, कारण माझी चूक इथे आहे. अडुळसा संपला होता. वडाळ्याला जायला रस्ता नाही. नाक्यावर बंदुकवाले उभे. गॅलरीतून डोकं बाहेर काढलं तरी खालून शिट्टी वाजायची. दादा दोन उशांना टेकून बसलेला, ओठ निळसर, खांदे वर-खाली. वयनी त्याच्या पाठीला तेल चोळत होती आणि माझ्याकडे बघत होती. पहिली भाकरी वाढलेली बाई. तिचं ते बघणं मला सोसवेना.

चाळीच्या मागच्या बाजूला कचऱ्याच्या ढिगाऱ्याजवळ धोतरा उगवलेला होता. पांढऱ्या भोंग्यासारखी फुलं आणि काटेरी बोंडं. धोतराही बापसाच्या विद्येतला होता, पण त्याच्याबद्दल त्याने एकच गोष्ट शिकवली होती आणि ती हाताला धरून तीनदा वदवून घेतली होती. "धूर. फकत धूर. पोटात कधी नाय." सुकं पान, विडीसारखं, दोन झुरके, त्याने बंद नळी उघडते. मी आधी तेच केलं. पण दादाला झुरका घेता येईना. श्वासच आत जात नाही तर धूर कसा जाणार? खोकून खोकून विडी हातातून पडली.

मग मी विचार केला. धुराने जो गुण येतो तो काढ्याने का नाही येणार? झाड तेच, माणूस तोच. तिसरी पास नसलेल्या माणसाला वाटलं की आपण बापसापेक्षा पुढे गेलो. आमंत्रण दिलं नव्हतं. तांदूळ ठेवले नव्हते. हाताला लागलं ते तोडून आणलं, उकळलं, गूळ घातला, आणि मी, माझ्या हाताने, माझ्या सख्ख्या भावाला पाजलं.

तासाभराने दादा जरा बरा वाटला. खरं सांगतो, श्वास सैल झाला. मी वयनीकडे बघितलं, बघा म्हणून. आणि मग त्याचा चेहरा लाल व्हायला लागला. जीभ कोरडी, ओठ ओठांना चिकटलेले. डोळ्यांत बुबुळं एवढी मोठी झाली की डोळा नुसता काळा दिसायला लागला. अंग तव्यासारखं तापलं.

"भावजी, ह्यांचा तोंड बघा. काय झाला ह्यांका?"

"काय नाय. गुण येता."

मग दादाने हात वर केला आणि हवेतून काहीतरी उचललं. दोन बोटांत धरलं, मांडीवर ठेवलं. परत उचललं. तूस वेचत होता तो. खोलीत तूस नव्हती. "उडता कापूस सगळो," असं पुटपुटत होता, खात्यातल्या मुकादमाला निरोप धाडत होता, "जॉबराक सांग, पेळू तुटलो, पेळू तुटलो." वयनीने हाक मारली तर तिच्याकडे बघून म्हणाला, "बाये, तू खयच्या खात्यातली?"

वयनी किंचाळली. चाळ गोळा झाली. कोणी म्हणालं लागीर झालंय, लिंबू आणा. गोपाळराव आले, त्यांनी दादाचे डोळे बघितले, कपाळाला हात लावला आणि मागे वळून मोठ्याने म्हणाले, "अश्रुधूर! त्या धुरानं माणसाचं डोकं फिरवलं. बघा रं सगळ्यांनी, बघून ठेवा!"

त्यात खोटं बोलण्याचा त्यांचा हेतू नव्हता. काल धूर सगळ्यांनी खाल्ला होता. दादा सर्वांत जास्त खोकला होता. त्यांना दुसरं काय वाटणार? फक्त एकाच माणसाला दुसरं काही माहीत होतं, आणि तो भिंतीला पाठ लावून उभा होता.

हातगाडी काढली. दादाला तिच्यावर झोपवलं, हातपाय धरून ठेवायला मी आणि आणखी एक जण. गोपाळरावांनी बांबूला पांढरं धोतर बांधून पुढे धरलं, वयनी मागून चालली. भर दुपार, आणि परळपर्यंतच्या रस्त्यावर एक माणूस नाही. दुकानं बंद, ट्राम नाही, रस्त्यावर दगड आणि चपला पडलेल्या. गाडीच्या चाकांचा आवाज दोन्हीकडच्या चाळींवर आपटून परत येत होता. गॅलऱ्यांतून लोक बघत होते. नाक्यावर शिपायाने बंदूक आडवी धरली. गोपाळराव छाती पुढे काढून म्हणाले, "तुमच्याच धुरानं मरतोय. जाऊ देता का हितंच मरू देऊ?" शिपाई पोरगेलाच होता. त्याने दादाला हवेतून कापूस वेचताना बघितलं आणि बाजूला झाला.

गोपाळराव वाटेत मला म्हणत होते, "भिऊ नगंस. पर ह्ये झाकून ऱ्हायचं न्हाई. सभेत सांगू आपन. तुझ्या भावाचं नाव घेऊन सांगू."

इस्पितळात जखमी माणसं होती, डोकी बांधलेली, जमिनीवर बसलेली. एक तरुण डॉक्टरीण बाई धावत आल्या. गोपाळरावांनी त्यांना अश्रुधुराचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, डोळे धुवायला सांगितले, मग नाडी धरली आणि थांबल्या. बॅटरी डोळ्यात मारली. बुबुळ हललं नाही. जीभ बघितली.

"धुराने डोळ्यांतून पाणी येतं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या अंगात पाण्याचा टिपूस नाही. ह्यांनी काही खाल्लंय का? काही प्यायलेत?"

"न्हाई हो," गोपाळराव म्हणाले. "आजारी मानूस, काय खानार?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. का कोण जाणे, माझ्याचकडे. "तुम्ही भाऊ ना? काही औषध दिलं होतं?"

मी म्हटलं, "झाडपाल्याचं. घरचं."

"कोणत्या झाडाचं?"

आता त्या क्षणाबद्दल मला काही चांगलं लिहिता येत नाही. मी गप्प राहिलो. गुण जाईल म्हणून गप्प राहिलो, हे खरं आहे. त्याच क्षणी मनात हिशेब चालला होता की नाव सांगितलं तर जो थोडा गुण आलाय तोही उतरेल आणि दादा जाईल, हेही खरं आहे. आणि तिसरंही खरं आहे, ते सांगायला इतकी वर्षं लागली. गोपाळराव शेजारी उभे होते. वयनी उभी होती. सगळ्यांकडे एक तयार उत्तर होतं, त्यात दादाचा मान होता आणि माझी सुटका होती. मी फक्त गप्प राहायचं होतं. तोंड बंद ठेवायची विद्या तर बापसाने मलाच दिली होती.

"मला नाव कळल्याशिवाय इलाज कसला करायचा ते कळणार नाही," बाई म्हणाल्या. आवाज वाढवला नाही त्यांनी. "तुम्हाला भाऊ हवाय की औषध?"

दादाचा हात माझ्या सदऱ्यापर्यंत आला. दोन बोटांनी त्याने माझ्या बाहीवरून न दिसणारी तूस उचलली आणि झटकली. रोज वयनी त्याला झाडायची तसं तो मला झाडत होता.

"धोतरा," मी म्हटलं. हळू बोललो बहुतेक.

"काय?"

"धोतरा! धोतऱ्याचा काढा पाजला मी. पोटात. आणि आधीचे सगळे दिवस अडुळसा." ओरडलोच. त्या अख्ख्या जागेत ऐकू गेलं असेल. डोकी बांधलेली माणसंही वळली.

बाई धावल्या. नळी घालून पोट धुतलं, सुया दिल्या, दादाला खाटेला बांधून ठेवलं. मी दाराबाहेर बसलो. वयनी माझ्या शेजारी बसली नाही, समोर जाऊन बसली. तिच्या पदराला तेल लागलेलं होतं. गोपाळराव उभेच राहिले. उभ्या उभ्याच म्हणाले, "तू आजचा दिस गप ऱ्हायला असतास तर काय झालं असतं रं?" मग स्वतःच स्वतःला उत्तर दिल्यासारखे म्हणाले, "मेला असता. व्हय. मेला असता." आणि पाठ फिरवून गेले. पुढे चाळीत मला 'धोतरा डागदर' नाव पडलं, ते त्यांनी पाडलं नाही. पण त्यांनी थांबवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाने वयनीला ओळखलं. पहिलं वाक्य काय, तर "भूक लागली."

आठवडाभर तो तिथे होता. मी रोज जाऊन बसायचो, रिकाम्या हाताने. डॉक्टरीण बाई एकदा खाटेशी बसल्या आणि त्यांनी दादाला विचारलं, "दम कोणत्या वारी जास्त असतो?"

दादा खूश. अखेर कोणीतरी विचारलं. "सोमवारी! शंकर छातीर बसता."

बाई हसल्या नाहीत. "आणि गिरणी बंद होती तेव्हा?"

"तेव्हा एकदम ब्येस."

"तेव्हा माझं औषध चालू होतं," मी मध्येच म्हटलं. हो, अजून म्हटलं. त्या सगळ्यानंतरही.

बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. "आता किती दिवस तुमचं औषध नाही?"

"सात."

"आणि गिरणी?"

मी दादाकडे बघितलं. दादा उशीला न टेकता बसला होता. त्याच्या छातीचा आवाज येत नव्हता. बाई म्हणाल्या की हा कापसाच्या धुळीचा रोग आहे, धूळ आत जाऊन श्वासाच्या नळ्या आतून सुजवते. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी सूज जास्त येते, म्हणून सोमवार. "तुम्ही कफ काढत होतात. अडुळसा कफ सैल करतो, नाही म्हणत नाही मी. पण ह्यांची नळी नुसती चोंदलेली नव्हती. ती सुजलेली होती. आणि रोज सकाळी हे जाऊन ती आणखी सुजवून घेत होते."

दादा कार्डिंग खात्यात परत गेला नाही. फाटकावर पाटी-पेन्सिल घेऊन गाड्या मोजायचं काम मिळालं, मान कमी होता, पण हवा होती. त्याचे सोमवार हळूहळू नुसते वार झाले. वयनीने पुढे माझ्याशी नीट बोलायला त्या वर्षीचा गणपती उजाडला. मोदक वाढताना म्हणाली, "भावजी, ह्यात गूळ आणि खोबरा आसा. अजून काय नाय. सांगून ठेवतंय." सगळे हसले. मीही हसलो, आणि मोदक फोडून खाल्ला.

मी परत कोणाला औषध दिलं नाही. लोकांना वाटलं, लाजला. बापूस असता तर म्हणाला असता, नाव घेतलंस, गुण गेला. मला कित्येक वर्षं तेच वाटत होतं, की विद्या गेली ती त्या दिवशी, त्या एका ओरडण्यात. आता असं वाटतं की माझ्याकडे विद्या नव्हतीच, माझ्याकडे नुसतं गुपित होतं. आणि तरी अडुळशाला मी खोटा म्हणू देणार नाही. कोणालाच. सेक्रेटरीला तर नाहीच.

दोन वर्षांपूर्वी माझीच छाती बांधून यायला लागली. विणाई खात्यात तूस कमी म्हणायचो, पण होतीच. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला. तन्वीने तो हातात घेऊन वाचला आणि म्हणाली, "आजोबा, गंमत सांगू? हे औषध कारखान्यात बनतं, पण ह्याचं पहिलं सूत धोतऱ्याच्या कुळातल्या झाडांतून निघालंय. मोजून मापून, फक्त श्वासातून. पोटात नाही."

मी तो पंप टेबलावर ठेवला आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसलो. मग घेतला. धूर, फकत धूर. बापूस बरोबर होता, आणि आपण का बरोबर ते त्याला माहीत नव्हतं. मला ते कळण्याआधीच मी शहाणा झालो होतो.

गेल्या रविवारी तन्वी पानं न्यायला आली. तिच्या प्रयोगशाळेत अडुळशाचा अर्क काढून, सुजलेल्या पेशींवर थेंबथेंब टाकून बघतात. काही वेळा सूज उतरते, काही वेळा नाही, कधी जास्त झालं तर पेशीच मरतात. "अजून औषध म्हणता येणार नाही," असं ती म्हणते, आणि तिच्या तोंडून ते ऐकताना मला त्या बाई आठवतात. आवाज न वाढवणाऱ्या.

आदल्या संध्याकाळी मी काठी टेकत खाली गेलो होतो आणि बुंध्याशी तांदूळ-सुपारी ठेवून आलो होतो. तन्वीला ते दिसलं. तांदूळ चुकवून पाय टाकला तिने, एवढंच. पानं तोडण्याआधी तिनं खिशातून कोरी कागदी पिशवी आणि पेन काढलं.

"आधी नाव लिहायचं, मग पान तोडायचं," ती म्हणाली. "आमच्याकडे असा नियम आहे. नाव नसलेली पिशवी आत घेत नाहीत."

"सरळ फेकून देतात?"

"सरळ."

मी हात पुढे केला. तिनं पिशवी माझ्याकडे दिली. भिंतीला टेकवून मी लिहिलं, घोषणा लिहायचो तसं, मोठं, ठळक, अर्धी पिशवी भरेल एवढं. टॉवरचा वॉचमन मागे येऊन उभा राहिला होता. तो नवीन आहे, मराठी शिकतोय, दिसेल ते वाचतो. त्याने माझ्या खांद्यावरून बघितलं आणि एकेक अक्षर लावत, सगळ्या कंपाउंडला ऐकू जाईल असं वाचलं, "अ-डु-ळ-सा."

मी त्याला गप्प केलं नाही.